आचार्य क्षितिमोहन सेन : विद्यापीठात संतवाणी नेणारे पंडित

बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील शांतिनिकेतन येथे इ. स. १९२१ च्या डिसेंबरात विश्वभारतीची विधिपूर्वक स्थापना झाली. पूर्व आणि पश्चिम येथील विद्यांचा संगम एका ठिकाणी व्हावा, हा रवींद्रनाथ ठाकुरांचा संकल्प होता. त्याला अनुसरून पॅरिसचे पंडित सिल्व्हाँ लेव्ही प्रथम अतिथी अध्यापक म्हणून आले व त्यांनी चिनी आणि तिबेटी या भाषांचे पाठ सुरू केले. पुढे प्रागचे विंटरनिट्झ आले, रोमचे तुच्ची आले. लुप्त झालेले बौद्ध ग्रंथ तिबेटी भाषांतरांच्या आधारे पुन्हा संस्कृतात आणावयाचे, दोन पाठ ताडून पाहावयाचे, अशा कार्यात येथील विद्याभवन गढून गेले होते. पंडित विधुशेखर शास्त्री यांच्यासारखे पिंडाचे वैदिक विद्वानही उतारवयाकडे झुकले असता तिबेटी लिपी गिरवू लागले. अशा या ग्रंथनिष्ठ मंडळींत एक अध्यापक असे होते की, ज्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय पोथीत नव्हताच. तो निरक्षर साधूंच्या मुखात होता. ते आचार्य क्षितिमोहन सेन होत.

क्षितिमोहनांचा जन्म काशी येथे २ डिसेंबर १८८० रोजी झाला. घराणे मूळचे पूर्व बंगालातील विक्रमपूर परगण्याचे. काशीच्या क्वीन्स कॉलेजात त्यांनी संस्कृत विषय घेऊन एम. ए. ची पदवी मिळविली. शास्त्राध्ययन यथास्थित झाले. परंतु काशीत शास्त्री जसे आहेत तसे घाटावर व मठांतून वावरणारे साधूही आहेत, आणि या तरुण पंडिताचा ओढा त्यांच्याकडे अधिक होता. कबीराची, दादूची, रविदासाची पदे ते त्यांच्या तोंडून ऐकत, पाठ करीत, टिपून ठेवीत. पुढे हिमालयाच्या कुशीतील चंबा संस्थानच्या शिक्षणखात्यात त्यांनी नोकरी धरली. ती स्थिर नोकरी सोडून इ. स. १९०८ मध्ये ते रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतनच्या ब्रह्मचर्याश्रमात अध्यापक म्हणून आले. ते तेथेच अखेरपर्यंत राहिले.

इ. स. १९१० व १९११ या दोन वर्षांत त्यांनी संकलित केलेला कबीर चार भागांत बंगाली अनुवादासह प्रसिद्ध झाला. रवींद्रनाथांच्या मनावर त्याचा फार परिणाम झाला. अजितकुमार चक्रवर्ती यांनी काही पदांचा इंग्रजी मसुदा केला, त्यावर रवींद्रनाथांनी हात फिरविला, आणि कबीराची शंभर पदे एव्हलिन अंडरहिल यांच्या प्रस्तावनेसह पाश्चात्त्य जगापुढे गेली. युरोप-अमेरिकेला कबीराचे नाव मुख्यतः या मार्गाने ठाऊक झाले. या मार्गाच्या उगमाशी उभा असलेला टिपणकार मात्र बराच काळ कोणाच्या फारसा ध्यानात राहिला नाही.

येथेच वादाचा मुद्दा उत्पन्न होतो. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने इ. स. १९२८ मध्ये श्यामसुंदरदास यांनी हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली कबीर-ग्रंथावली छापली. तिच्याशी, तसेच बीजक व गुरू ग्रंथसाहेब यांतील पाठांशी ताडून पाहता क्षितिमोहनांच्या संग्रहातील पुष्कळ पदे त्यांत आढळत नाहीत. बाउलांच्या गीतांविषयीही तोच आक्षेप आला. उपेंद्रनाथ भट्टाचार्य यांनी इ. स. १९५७ च्या आपल्या विस्तृत ग्रंथात त्या गीतांच्या अस्सलपणाबद्दल शंका उपस्थित केली.

पाठशुद्धीचा आग्रह ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्या आपल्या वाचकांस हा आक्षेप हलका वाटणार नाही, वाटूही नये. क्षितिमोहनांची भूमिका अशी होती की, छापील प्रतींपेक्षा साधनेत मुरलेल्या साधूच्या कंठातील पाठ अधिक जिवंत आणि म्हणून अधिक ग्राह्य. ज्या पंथांत वाणी गुरुमुखातूनच शिष्याकडे येते, तेथे पोथी हीच एकमेव साक्ष मानणे न्याय्य नाही, हे त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. तथापि मौखिक साक्षीलाही साक्षीदाराचे नाव लागते. कबीराच्या प्रस्तावनेत त्यांनी काही साधूंचा उल्लेख केला आहे, परंतु अमुक पद अमुक स्थळी, अमुकाच्या तोंडून, अमुक साली ऐकले, अशी पदागणिक नोंद दिली नाही. ती दिली असती तर निर्णय पुढील अभ्यासकांना करता आला असता. आज ते साधू नाहीत आणि ते मठही तसे राहिले नाहीत. तेव्हा एखादे पद कबीराचे की कबीराच्या नावाने पुढे कोणी रचलेले, हे त्या संग्रहावरून सांगता येत नाही. मात्र हस्तलिखितात नाही म्हणून ते क्षितिमोहनांनीच रचले, असे म्हणण्यासही आधार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी साधूंच्या मुखी कबीर कोणत्या रूपात नांदत होता, याचे ते प्रमाण म्हणून वाचावे, हे आमच्या मते योग्य.

कलकत्ता विद्यापीठात त्यांनी दिलेली व्याख्याने इ. स. १९३० मध्ये ‘भारतीय मध्ययुगे साधनार धारा’ या नावाने ग्रंथरूप झाली. पुढे तिचे इंग्रजी भाषांतरही निघाले. रामानंद, नामदेव, कबीर, नानक यांच्याबरोबरच सूफी साधकांची परंपरा त्यांनी एकाच प्रवाहात मांडली आहे. इ. स. १९३५ मध्ये त्यांचा दादूवरील मोठा ग्रंथ आला. दादू हा जन्माने मुसलमान असून त्याचे मूळ नाव दाऊद, हे मत त्यांनी आग्रहाने मांडले. हिंदू व मुसलमान यांची साधना शतकानुशतके एकत्र चालत आली, हा त्यांच्या सर्व अध्यापनाचा गाभा होता, आणि फाळणीने बंगाल दुभंगल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. त्याच विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. मूळ गाव सीमेपलीकडे गेलेल्या माणसाने हे लिहावे, यास मनोबल लागते.

इ. स. १९२४ मध्ये रवींद्रनाथांसमवेत ते चीनला जाऊन आले. विद्याभवनाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले. इ. स. १९३० मध्ये शांतिनिकेतनात आलेल्या हजारीप्रसाद द्विवेदी यांना त्यांच्या सहवासाचा लाभ झाला. द्विवेदींचा इ. स. १९४२ मधील कबीरविषयक ग्रंथ हिंदी समीक्षेत मान्यता पावला. विश्वभारतीने इ. स. १९५२ मध्ये क्षितिमोहनांना देशिकोत्तम ही पदवी दिली व पुढे काही काळ उपाचार्यपदाचा भारही त्यांच्याकडे आला.

१२ मार्च १९६० रोजी त्यांचे देहावसान झाले. हिंदू धर्माचा परिचय करून देणारे त्यांचे पुस्तक दुसऱ्या वर्षी इंग्रजीत निघाले. त्याच्या सिद्धतेत त्यांचे दौहित्र अमर्त्य सेन यांचे साहाय्य होते.