कृपासदन

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. संस्कृत विद्येत त्यांनी तरुणपणीच लौकिक मिळविला. १८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या. लंडनमधील फुलॅम येथे ख्रिस्ती भगिनी पतित स्त्रियांची मायेने सेवा करीत. ते पाहून, समाजाने धिक्कारलेल्यांविषयी एवढी करुणा कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा येशू ख्रिस्ताने एका शोमरोनी स्त्रीचे दोष जाणूनही तिला झिडकारले नाही, ही कथा त्यांना सांगण्यात आली. चुकलेल्या जिवालाही देव क्षमा करतो, हे त्यांच्या मनावर ठसले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी अशाच स्त्रियांसाठी घर उभारले. त्यास कृपासदन हे नाव दिले. केडगाव येथेच १९२२ साली त्यांनी देह ठेवला.