पारनेरचे सेनापती आणि सीमेवरचा उपवास



काष्टीचा जनावरांचा बाजार आपल्या साऱ्यांच्या परिचयाचा आहे. श्रीगोंदे तालुक्यातील या गावी भरणाऱ्या बाजारात दूरदूरचे शेतकरी व व्यापारी येतात. दावणीला बांधलेल्या बैलाचा मोल ठरताना कोणाची बोली कोठली आहे, हे कोणी विचारत नाही. शब्द अडला तर हाताच्या खुणेने व्यवहार पुरा होतो. भाषेवरून माणूस माणसापासून तुटावा असे या बाजारात काही दिसत नाही. आणि तरीही भाषेवरून आखलेल्या एका सीमारेषेने आपल्या शेजारच्या राज्याशी आपला वाद लावून दिला, तो आजही मिटलेला नाही. त्या वादाच्या इतिहासात आपल्याच जिल्ह्यातील एका वृद्धाने प्राण पणाला लावले होते. ते म्हणजे पांडुरंग महादेव बापट, ऊर्फ सेनापती बापट. आज त्यांचे नाव पुण्यामुंबईच्या रस्त्यांना आहे. त्या पाट्यांखालून जाणाऱ्या तरुणांना त्या नावामागील माणूस ठाऊक असावा, या हेतूने आम्ही हे चरित्र सादर करीत आहोत.

१२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे बापटांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची, परंतु बुद्धी असामान्य. संस्कृतमधील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली व पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. पुढे मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन १९०४ साली ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोला गेले. तेथे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उघड बोलल्यामुळे ती शिष्यवृत्ती त्यांना गमवावी लागली. मग लंडनमधील क्रांतिकारकांशी त्यांचा संबंध आला. पॅरिसला जाऊन त्यांनी बाँब तयार करण्याची विद्या हस्तगत केली आणि १९०८ साली ते ती विद्या घेऊन मायदेशी परतले. अलीपूर कटाच्या खटल्यात त्यांचे नाव आले, तेव्हा काही वर्षे ते भूमिगत राहिले. १९१२ साली ते पकडले गेले, परंतु पुराव्याअभावी सुटले.

एक धर्मगुरू बाँबविद्या शिकलेल्या माणसाचे चरित्र भाविकांपुढे का ठेवतो, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येईल. तो योग्यच आहे. ख्रिस्तसभेने हिंसेचा मार्ग कधीही आपला मानलेला नाही, आणि बापटांच्या त्या मार्गाचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु माणसाचे जीवन एका प्रकरणावरून तोलू नये, हे आपण संत पौलाच्या चरित्रावरून शिकलो आहोत. पारनेरला परतलेल्या बापटांनी पुढे जे केले ते पाहिले म्हणजे आमचे म्हणणे पटेल.

डेक्कन कॉलेजचा हा पदवीधर, विलायत पाहून आलेला ब्राह्मण, पहाटे झाडू घेऊन पारनेरचे रस्ते झाडू लागला. ज्या वस्तीकडे सवर्ण पाठ फिरवीत, त्या वस्तीत जाऊन तो मुलांना शिकवू लागला. १९१४ साली मुलगा झाला, तेव्हा बारशाचे पहिले जेवण त्यांनी गावातील अस्पृश्य मानलेल्या बांधवांना दिले. त्या काळच्या पारनेरात याचा अर्थ काय होता, हे आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. ज्या वस्त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनरी धर्मगुरू पायपीट करीत होते, ज्या वस्त्यांतून आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज श्रद्धेत आले, तशाच वस्त्यांत हा माणूस हाती झाडू घेऊन गेला. सफाईचे हे व्रत त्यांनी वार्धक्यापर्यंत सांभाळले.

सेनापती ही पदवी त्यांना मिळाली ती मुळशीच्या सत्याग्रहात. टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणात पन्नासहून अधिक मावळी गावांच्या जमिनी बुडणार होत्या. १९२१ साली सुरू झालेल्या त्या लढ्याचे नेतृत्व बापटांनी केले. लढा विझत चालला तेव्हा, १९२४ साली, त्यांनी रुळांवर दगड रचून गाडी अडविली व त्यासाठी सात वर्षांची शिक्षा भोगली. १९३१ साली सुटका झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्ष असताना केलेल्या भाषणाबद्दल पुन्हा दीर्घ कारावास वाट्याला आला. तो १९३७ साली संपला. दोन महायुद्धांमधील काळाचा मोठा हिस्सा त्यांनी असा तुरुंगात काढला.

त्याच काळात युरोपात सीमेवरच्या जिल्ह्यांचे प्रश्न पेटले होते. १९२१ साली, मुळशीचा सत्याग्रह सुरू होण्याच्या थोडे आधी, जर्मनी व पोलंड यांच्या दरम्यानच्या अप्पर सायलेसिया या प्रदेशात लोकमत घेण्यात आले. तेथील दोन्ही भाषांचे लोक बहुसंख्येने कॅथोलिक होते. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे शेजारी परस्परांचे वैरी बनले, आणि धर्मगुरूंमध्येही तट पडले. परमपित्यांचे प्रतिनिधी म्हणून तेथे नेमलेले अकिले रात्ती यांच्यावर दोन्ही बाजूंनी पक्षपाताचा आरोप झाला व त्यांना ते काम सोडावे लागले. हेच रात्ती १९२२ साली पोप पायस अकरावे झाले. मतदानानंतरही वाद मिटला नाही. अखेर राष्ट्रसंघाच्या शिफारशीनुसार प्रदेशाची फाळणी झाली. मते मोजली म्हणजे मने जुळतात असे नाही, हा धडा तेथे मिळाला.

आपल्याकडे असाच प्रसंग स्वातंत्र्यानंतर आला. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली, तेव्हा चंदगड तालुका वगळता तो म्हैसूर राज्याला जोडला गेला. बेळगाव शहरात व भोवतालच्या अनेक गावांत मराठी भाषक अधिक होते, म्हणून त्यांना हा अन्याय वाटला. त्याच वर्षी जानेवारीत तेथे झालेल्या गोळीबारात बळी पडलेल्यांचे स्मरण १७ जानेवारीस अजूनही केले जाते. दुसरी बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. जिल्हा एकंदरीत कन्नड भाषकांचा होता आणि बेळगाव ही त्यांचीही बाजारपेठ व जिल्ह्याची राजधानी होती. शहर गेले तर भोवतालच्या कन्नड खेड्यांनी कोठे जावे, हा त्यांचा प्रश्नही खोटा नव्हता.

बापट तोपर्यंत पंचाहत्तरीत पोहोचले होते. १९४७ साली स्वातंत्र्यदिनी पुण्यात तिरंगा फडकविण्याचा मान त्यांना मिळाला होता. आता विश्रांती घेतली असती तर कोणी दोष दिला नसता. पण मे १९५५ मध्ये ते नानासाहेब गोरे यांच्यासह गोव्याच्या सीमेवर सत्याग्रही म्हणून गेले, आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी मुंबईत विधिमंडळावर गेलेल्या मोर्चाच्या अग्रभागी राहिले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, पण बेळगाव बाहेरच राहिले. दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींची चारसदस्य समिती नेमली गेली. तिच्यात एकमत झाले नाही. महाराष्ट्राचे म्हणणे असे की, खेडे हा घटक धरावा, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा पाहावी. म्हैसूरला मोठा फेरफार मान्य नव्हता.

१९६५ चे युद्ध नुकतेच संपले होते. देशाच्या सीमेवर सैनिक एकत्र लढले, पण देशांतर्गत सीमेचा प्रश्न तसाच होता. १९६६ साली पंच्याऐंशी वर्षांच्या बापटांनी त्यासाठी उपोषण आरंभिले. ज्या हातांनी तरुणपणी बाँबविद्या आत्मसात केली, त्या हातांत आता शस्त्र नव्हते. पणाला लावायला उरले होते ते स्वतःचे थकलेले शरीर. इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक, तर म्हैसूरचे निजलिंगप्पा होते. २५ ऑक्टोबर १९६६ रोजी केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला.

आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. काही गावे महाराष्ट्राला द्यावीत, जत, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या भागांतील काही गावे म्हैसूरला द्यावीत, आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, असा त्याचा सारांश होता. ज्या आयोगासाठी वृद्धाने उपवास केला, त्याचा निर्णय महाराष्ट्राने नाकारला. म्हैसूरने तो स्वीकारला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत सेनापती बापट यांचे निधन झाले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून निकाली निघालेला नाही.

मग त्यांचा उपवास व्यर्थ गेला काय? आम्हांस तसे वाटत नाही. वाद रस्त्यावरून चौकशीच्या मेजापर्यंत नेणे हेही मोठे काम आहे. तथापि प्राणांतिक उपोषणाविषयी ख्रिस्ती सद्‌सद्विवेकबुद्धीला काही प्रश्न पडतात, हे आम्ही नाकारीत नाही. प्राण ही देवाची देणगी आहे. ती दडपणाचे साधन बनवावी काय, याचा विचार प्रत्येकाने प्रार्थनापूर्वक करावा. प्रायश्चित्तकाळात आपण जो उपवास करतो, तो दुसऱ्याला वाकविण्यासाठी नसून स्वतःला वाकविण्यासाठी असतो, हा भेद ध्यानी ठेवावा.

बेळगाव धर्मप्रांताची स्थापना १९५३ साली, म्हणजे राज्यरचनेच्या तीन वर्षे आधी झाली. तेथील भाविक कोंकणी, मराठी व कन्नड भाषांतून प्रार्थना करतात. १ नोव्हेंबरला त्या शहरात एकीकडे राज्योत्सव होतो, तर दुसरीकडे मराठी भाषक काळा दिवस पाळतात. ख्रिस्तसभेत मात्र तो सर्व संतांचा सण आहे. स्वर्गातील संतांची भाषावार रचना झालेली नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने प्रेषितांना एकच भाषा दिली नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळेल असे केले.

पारनेरच्या या सुपुत्राकडून आपण सीमेचा आग्रह घ्यावा की नाही, हे प्रत्येकाने ठरवावे. झाडू मात्र अवश्य घ्यावा. आपल्या धर्मग्रामात दुसरी भाषा बोलणारे कुटुंब आले असेल, ऊसतोडीसाठी वा नोकरीसाठी परमुलखातून कोणी आले असेल, तर येत्या रविवारी मिस्सानंतर त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत. शब्द अडला तर काष्टीच्या बाजारातल्याप्रमाणे हाताच्या खुणेने भागेल.