फिनिअस गेज : पहारीनंतरची बारा वर्षे

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात फिनिअस गेज हमखास भेटतो. पण त्याची गोष्ट बहुतेक ठिकाणी अर्धीच सांगितलेली असते.

गेजचा जन्म १८२३ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरचा. पंचविशीत तो रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा मुकादम होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास, व्हरमाँटमधील केव्हेंडिश गावाजवळ तो सुरुंगाची दारू ठासत होता. दारू अचानक पेटली. हातातली साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोंची लोखंडी पहार डाव्या गालाच्या हाडाखालून शिरली आणि मेंदूचा पुढचा भाग भेदून कवटीच्या माथ्यातून बाहेर पडली. काही मिनिटांतच गेज बोलू लागला आणि बैलगाडीत बसून मुक्कामाच्या जागी आला.

गावातले तरुण डॉक्टर जॉन हार्लो यांनी त्याच्यावर उपचार केले. जंतूंची कल्पना तेव्हा वैद्यकात रुजलेली नव्हती. जखमेत पू झाला, गेजची शुद्ध हरपू लागली, शवपेटीही तयार ठेवली गेली. हार्लोंनी गळू फोडून पू काढला. दहा आठवड्यांनी गेज घरी परतला. डाव्या डोळ्याची दृष्टी तेवढी गेली होती.

खरी अडचण पुढे आली. बोलणे, चालणे, स्मरणशक्ती शाबूत होती, पण आधीचा समंजस, कामाला चोख मुकादम आता उतावीळ आणि हट्टी झाला होता. तो शिवीगाळ करी, बेत आखी आणि लगेच मोडी. मालकांनी त्याला जुने काम द्यायला नकार दिला. संयम, नियोजन, चारचौघांत वागण्याचे भान या गोष्टी मेंदूच्या पुढच्या भागाशी, म्हणजे फ्रंटल लोबशी जोडलेल्या आहेत, हे समजण्यात या रुग्णाचा वाटा मोठा आहे. अपघातातून बरा झालेला माणूस हिंडतो-फिरतो, तरी घरचे म्हणतात की हा पूर्वीचा राहिला नाही. ही तक्रार डॉक्टरांनी गंभीरपणे घ्यायला हवी. त्यात रुग्णाचा खोडसाळपणा नसतो.

पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात. काही तर त्याला दारुडा, हिंसक, भटक्या ठरवून मोकळी होतात. हार्लोंच्या नोंदींत तसे काही नाही.

गेजने काही काळ न्यूयॉर्कमधील बार्नमच्या संग्रहालयात स्वतःचे प्रदर्शन मांडले, मग घोड्यांच्या तबेल्यात सुमारे दीड वर्ष नोकरी केली. १८५२ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतील चिलीला गेला. तिथे त्याने अनेक वर्षे घोड्यांची निगा राखली आणि प्रवासी घोडागाडी हाकली, अनेकदा सहा घोड्यांची. हे काम उतावीळ, बेभरवशाच्या माणसाचे नव्हे. सहा लगाम सांभाळायचे, वेळ पाळायची, प्रवाशांशी नीट वागायचे, तेही परक्या भाषेच्या देशात. रोजच्या ठरलेल्या कामाने त्याला हळूहळू सावरले असावे, असे अलीकडच्या काही अभ्यासकांना वाटते. डोक्याला मार लागलेल्यांच्या पुनर्वसनातही ठरावीक दिनक्रमावर भर असतो, त्यामुळे हा तर्क पटण्याजोगा आहे.

१८५९ मध्ये प्रकृती ढासळल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. भाचरांना तो स्वतःच्या पराक्रमांच्या रचलेल्या गोष्टी रंगवून सांगत असे आणि मुलांवर, घोड्या-कुत्र्यांवर त्याचा जीव होता, असे आईने पुढे हार्लोंना सांगितले. १८६० च्या सुरुवातीला त्याला फिट येऊ लागल्या. मेंदूच्या जुन्या इजेनंतर वर्षांनीही अपस्मार सुरू होऊ शकतो. त्याच वर्षी मे महिन्यात, ३६ व्या वर्षी, तो गेला.

शवविच्छेदन झाले नाही. हार्लोंना ही बातमी १८६६ मध्ये कळली. त्यांच्या विनंतीवरून कुटुंबाने दफन उकरून कवटी आणि पहार त्यांच्याकडे सोपवली. हार्लोंनी १८६८ मध्ये स्वभावातल्या बदलाचा सविस्तर अहवाल छापला. मेंदूच हाती नसल्याने नेमका कोणता भाग किती गेला, याचे अंदाज कवटीच्या भोकांवरून आणि आता संगणकावर बांधले जातात. त्यांवरचा वाद अजून मिटलेला नाही. कवटी आणि पहार हार्वर्डच्या संग्रहालयात आहेत.