वीस डॉलरचा सोबती

मेरिवेदर लुईस हे नाव अमेरिकेत शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. मिसूरी नदीच्या उगमाकडे जाऊन, रॉकी पर्वत ओलांडून पॅसिफिक महासागर गाठणाऱ्या १८०४ ते १८०६ च्या सरकारी मोहिमेचा हा नायक. त्याच्या नकाशांवर, टिपणांवर ग्रंथच्या ग्रंथ झाले आहेत. पण या एकाकी, मनस्वी माणसाची खरी ओळख पटते ती त्याच्या कुत्र्याच्या संगतीत.

लुईस १७७४ साली व्हर्जिनियात जन्मला. आठ वर्षांचा असतानाच तो कुत्री घेऊन मध्यरात्री एकटा रानात शिरत असे. रॅकून आणि ओपॉसम हे निशाचर प्राणी. त्यांच्यामागे जायचे तर अंधारात आपल्या डोळ्यांपेक्षा कुत्र्याच्या नाकावर भरवसा ठेवावा लागतो. ही विद्या त्याला पोरवयातच मिळाली.

पुढे तो सैन्यात गेला, मग राष्ट्राध्यक्ष जेफरसनचा खासगी चिटणीस झाला. मोहिमेची तयारी चालू असताना त्याने वीस डॉलर मोजून न्यूफाउंडलंड जातीचा एक कुत्रा घेतला. त्याचे नाव सीमन, म्हणजे खलाशी. ही कोळ्यांची जात: बोटांमध्ये पडदे, अंगावर दाट तेलकट केस आणि पाण्याची ओढ उपजतच.

१८०३ च्या सप्टेंबरात ओहायो नदीतून नाव चालली असता खारींचे थवेच्या थवे नदी पोहून जाताना दिसू लागले. लुईसने सीमनला पाण्यात सोडले. तो खार पकडी, मारी आणि तोंडात धरून नावेवर आणून देई. हे एकदाच नव्हे. गरज असेल तितक्या खारी आणण्याचे काम त्याला रोज दिले गेले. तळलेली खार लुईसला चवदार लागली, हा भाग वेगळा. पण हुकूम होताच उडी घ्यायची आणि मिळालेले सावज आपण न खाता धन्याच्या हाती द्यायचे, हा पाठ असा रोजच्या कामातून पक्का झाला. कुत्र्याला शिकवण्याची याहून चांगली पद्धत मला तरी माहीत नाही. त्याच नोव्हेंबरात एका आदिवासी शिकाऱ्याने सीमनच्या बदल्यात बीव्हरची तीन कातडी देऊ केली. लुईसने सौदा साफ नाकारला.

बीव्हर हा पाण्यात राहणारा, झाडे कुरतडून बांध घालणारा प्राणी. त्याच्या कातड्यापासून युरोपात टोप्या होत, म्हणून सापळेवाल्यांची सारी धाव त्याच्यामागे. मोहिमेतली माणसेही सापळे लावीत; बीव्हरची शेपटी तर लुईसची आवडती. १९ मे १८०५ रोजी एकाने बीव्हर जखमी केला आणि नेहमीप्रमाणे सीमनने उडी घेतली. बीव्हरने त्याच्या मागच्या पायाचा असा चावा घेतला, की धमनीच तुटली. रक्त थांबवता थांबेना. कुत्रा जगत नाही, असेच लुईसला वाटले. पण दहाच दिवसांनी, २९ मेच्या रात्री, एक रानरेडा नदी पोहून आला आणि झोपलेल्या माणसांच्या डोक्यांजवळून वीतभर अंतराने धावत सुटला. त्याला लुईसच्या तंबूवरून दुसरीकडे वळवले ते याच सीमनने. पुढे धबधब्यांजवळच्या मुक्कामात अस्वले येत, तेव्हा रात्रभर पहारा त्याचाच.

आता एक गोष्ट वाचकांना खटकेल. या मोहिमेने वाटेत दीडशेहून अधिक कुत्री विकत घेऊन खाल्ली. क्लार्कला ते मांस रुचत नसे. लुईसला आवडू लागले होते. तोच लुईस ११ एप्रिल १८०६ रोजी कोलंबिया नदीकाठी सीमन चोरीला गेल्याचे कळताच तीन माणसे पाठवतो आणि विरोध झाल्यास गोळी घाला, असे बजावतो. चोरांनी कुत्रा सोडून पळ काढला, म्हणून रक्तपात टळला. एका कुत्र्यासाठी माणसांवर गोळी! मला हे शौर्य वाटत नाही. पण त्याचा जीव कुठे गुंतला होता ते मात्र कळते.

परतल्यावर लुईस लुइझियाना प्रदेशाचा गव्हर्नर झाला आणि कागदांच्या जंगलात हरवला. सरकारी कामासाठी त्याने काढलेल्या हुंड्या वॉशिंग्टनहून नाकारल्या जाऊ लागल्या. कायद्यांच्या भाषांतराचे बिल तर वीस डॉलरचेही नव्हते! हुंडी परत आली की माणसाची पत कशी एका दिवसात उतरते, हे बँकेत उमेदवारी केलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. देणेकरी दारात उभे राहिले. हिशेबाचा खुलासा करायला तो राजधानीकडे निघाला आणि ११ ऑक्टोबर १८०९ रोजी टेनेसीतल्या एका पथिकगृहात गोळ्या लागून मरण पावला. वय अवघे पस्तीस. जेफरसन आणि क्लार्क या दोघांनीही ती आत्महत्या मानली. खुनाचा संशय घेणारे आजही आहेत.

१८१४ साली प्रसिद्ध झालेल्या टिमथी आल्डेनच्या स्मृतिलेखांच्या संग्रहात सीमनच्या गळपट्ट्याची नोंद आहे. धन्याच्या थडग्यापासून कुत्रा हलेना, अन्न घेईना, असे तिथे म्हटले आहे.

त्याचे नावही बराच काळ चुकीचेच छापले जात होते. हस्ताक्षर नीट न लागल्याने अभ्यासक त्याला स्कॅनन म्हणत. १९८० च्या दशकात डोनाल्ड जॅक्सन या इतिहासकाराने जुनी स्थळनावे तपासताना मोंटानातल्या एका ओढ्याचे नाव पाहिले. लुईसने १८०६ च्या जुलैत परतीच्या वाटेवर ते ठेवले होते: सीमनचा ओढा. तेव्हा कुठे उलगडा झाला. त्या ओढ्याला आता मोंट्युअर म्हणतात.