रोगाचे मूळ पेशीत शोधणारे व्हिर्चो

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोग म्हणजे शरीरातल्या द्रवांचा बिघाड, असे अनेक डॉक्टर मानत. ही समजूत मोडून रोगाचे मूळ पेशीत दाखवून दिले ते रुडॉल्फ व्हिर्चो यांनी.

त्यांचा जन्म १८२१ मध्ये प्रशियातील पोमेरेनिया प्रांतातला. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. १८४३ मध्ये बर्लिनला वैद्यकीय पदवी मिळवून ते तिथल्याच शारिटे रुग्णालयात शवविच्छेदनाचे काम करू लागले. रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या आजाराचे वर्णन त्यांनी १८४५ मध्ये केले आणि पुढे त्याला ‘ल्युकेमिया’ हे नाव दिले. पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात अडकते, हेही त्यांनीच दाखवले.

१८४८ मध्ये अप्पर सायलेशियात टायफसची साथ आली. सरकारने त्यांना पाहणीसाठी पाठवले. अहवालात त्यांनी औषधांची यादी दिली नाही. दुष्काळ, दारिद्र्य, निरक्षरता आणि बेपर्वा राज्यकारभार यांना साथीसाठी जबाबदार धरले. शिक्षण, रस्ते, स्थानिक स्वराज्य हे उपाय सुचवले. त्याच वर्षी बर्लिनच्या उठावातही ते सामील झाले. परिणामी सरकारी रोष ओढवला आणि १८४९ मध्ये बर्लिन सोडून वुर्झबर्ग विद्यापीठात जावे लागले.

वनस्पती आणि प्राणी पेशींचे बनलेले असतात, हे श्लायडेन आणि श्वान यांनी आधीच सांगितले होते. मात्र नवी पेशी आकारहीन द्रवातून, स्फटिकासारखी तयार होते, असे त्यांना वाटे. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीच्या विभाजनातूनच जन्मते, हे व्हिर्चो यांनी १८५५ मध्ये ठामपणे मांडले. रॉबर्ट रेमाक यांनी हे त्यांच्या आधी दाखवले होते. त्याचे श्रेय मात्र व्हिर्चो यांनी दिले नाही. १८५६ मध्ये ते बर्लिनला परतले. दोन वर्षांनी त्यांची पेशीविकृतीवरील व्याख्याने पुस्तकरूपाने आली. कॅन्सरची गाठही शरीराच्याच पेशींपासून वाढते, हा विचार त्यातून रुजला.

जंतूंमुळे रोग होतात, या सिद्धांताकडे मात्र ते दीर्घकाळ साशंकतेने पाहत राहिले. तरीही बर्लिन नगरपरिषदेत राहून सांडपाण्याची गटारे, स्वच्छ पाणी आणि मांसाची तपासणी यांसाठी त्यांनी पाठपुरावा केला. प्रशियाच्या संसदेत बिस्मार्क यांना त्यांनी सातत्याने विरोध केला.

जानेवारी १९०२ मध्ये ट्रामगाडीतून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यातून ते सावरले नाहीत आणि ५ सप्टेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

आज गाठीचा छोटा तुकडा बायोप्सीसाठी जातो, तेव्हा पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा आकार, केंद्रक आणि विभाजन पाहतो. उपचारांची दिशा त्या अहवालावर ठरते. ती वाट व्हिर्चो यांनी रुळवली. आणि साथ आली की औषधांबरोबर पाणी, अन्न आणि घरांची स्थितीही तपासायची असते, हा त्यांचा दुसरा धडाही तितकाच मोलाचा आहे.