फ्रा आंजेलिको : प्रार्थनेसाठी रंगविलेल्या भिंती

फ्लॉरेन्सची कलासंग्रहालये पाहणारे प्रवासी वाटाड्यामागून सॅन मार्को मठाचा जिना चढतात, तेव्हा माथ्यावरच पवित्र मरियेस शुभवार्ता सांगणाऱ्या देवदूताचे चित्र समोर येते. ते रंगविणारे फ्रा आंजेलिको स्वतः डोमिनिकन संन्यासी होते.

१३९५च्या सुमारास मुजेल्लो खोऱ्यात जन्मलेले ग्विदो दी पिएत्रो चित्रकला शिकून फिएसोले येथील मठात दाखल झाले. पुढे कोसिमो दे मेदिची यांच्या द्रव्यसाहाय्याने सॅन मार्कोची पुनर्बांधणी झाली. १४३८नंतर तेथील संन्याशांच्या चाळीसहून अधिक खोल्यांच्या भिंतींवर त्यांनी सहकाऱ्यांसह प्रभू येशूच्या जीवनातील प्रसंग चितारले. वेदीवरील चित्रांत सोने व निळाई मुक्तहस्ते वापरणारे फ्रा आंजेलिको येथे मात्र हात आखडता घेतात. कारण येथील दर्शक एकच : एकान्तात गुडघे टेकलेला धर्मबंधू. त्यास ख्रिस्ताच्या क्रूसापाशी नेऊन सोडणे, एवढेच चित्राचे काम.

१४५५ मध्ये ते रोम येथे निवर्तले. १८६९ मध्ये मठाचे संग्रहालय झाले आणि १९८२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केले. आज त्या खोल्यांच्या दारांशी प्रवासी दाटतात, वाटाडा पुढे चलण्याची घाई करतो. तरी क्षणभर थांबावे. त्या भिंती थांबणाऱ्यासाठीच रंगविल्या आहेत.