बेघर बाबांच्या धर्मशाळा

गाडगेबाबा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खराटा येतो. शासनाने स्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, अमरावतीच्या विद्यापीठाला दिले आणि शाळाशाळांच्या भिंतींवर त्यांचे चित्र लागले. पण ज्या धर्मशाळांसाठी हा माणूस गावोगाव हिंडला, त्यांच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. मला त्यांचे चरित्र त्या बाजूने सांगायचे आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. डेबूजींनी मामाची गुरे राखली, नांगर धरला; पण मामाची जमीन सावकाराने कर्जापोटी गिळली. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे दारू-मटण न घालता त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा भाऊबंद रागावले. 1905 च्या फेब्रुवारीत त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, सोबत मातीचे गाडगे आणि हातात खराटा! ज्या गावी जात ते गाव दिवसा झाडीत आणि रात्री कीर्तनातून डोकी झाडीत. ऋण काढून सण करू नका, देवापुढे बोकड कापू नका, ताट मोडावे लागले तरी मुलांना शिकवा, हे त्यांचे सांगणे. घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच असल्याने ताटाची गोष्ट मला जरा जास्तच कळते.

1923 साली त्यांचा मुलगा गोविंद वारला. बातमी आली तेव्हा बाबा कीर्तनात होते आणि कीर्तन थांबले नाही. चरित्रकार या वैराग्याचे कौतुक करतात. मला मात्र ते सहजासहजी पचत नाही. पत्नी कुंताबाईंनी त्या दिवसांत काय सोसले असेल, याबद्दल फारच थोडे वाचायला मिळते.

लोकांनी दिलेल्या पैशांतून बाबांनी ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. याच सोसायटीने पुढच्या वर्षी आपल्या शहरात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठीही बाबांनी धर्मशाळा उभारली. वारकऱ्याला जसा निवारा लागतो तसा रोग्याच्या सोबत्यालाही लागतो, हे या निरक्षर माणसाने ओळखले होते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा त्यांच्या पश्चात झाली. परळच्या टाटा रुग्णालयात येणारे कर्करोगाचे रुग्ण तेथे उतरतात.

माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला. सिल्लोड तालुक्यातल्या आमच्या गावात आधी देवऋषी झाला, कोंबडे झाले. मग आई त्याला घेऊन मुंबईला गेली आणि दादरच्या त्या धर्मशाळेत राहिली. दादा मजुरीसाठी गावीच राहिले. हा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. मूल थोडे टवटवीत दिसू लागले आणि पैसे संपले की पुष्कळ आईबाप मध्येच परततात. मग रोग उलटतो. औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा साधा तापही जिवावर बेततो. ताप चढला की लगेच दवाखाना गाठावा लागतो. म्हणून मुक्काम जवळ हवा आणि फरशी स्वच्छ हवी. गाडगेबाबांचा खराटा हा उपचाराचाच भाग आहे, हे मला आईच्या तोंडून तिथले दिवस ऐकताना उमगले. निवारा नसता तर महिन्याभरातच परत आले असते, असे ती म्हणते.

बाबांच्या काळी या रोगातून मुले वाचत नसत. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी 1948 साली औषधाने हा रोग काही काळ मागे हटतो एवढेच दाखवले होते. आज पूर्ण उपचार झाले तर बरीच मुले खडखडीत बरी होतात. परंतु बरे होणे म्हणजे सुटका नव्हे. भाऊ परतला तेव्हा शाळेत त्याला वेगळ्या बाकावर बसवले. हा रोग लागतो अशी समजूत! तो लागत नाही, हे सांगायला दादा तीनदा शाळेत गेले. बाबा असते तर त्यांनी त्या गावात कीर्तनच लावले असते.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात, मोटारीतच बाबांनी देह ठेवला. इतक्या धर्मशाळा उभारूनही स्वतःसाठी त्यांनी त्यांत खोली ठेवली नव्हती.

भाऊ आता नववीत आहे. बऱ्या झालेल्या मुलांची उंची, हृदय आणि अभ्यास पुढेही तपासत राहावा लागतो. टाटा रुग्णालयात त्यासाठी 1991 पासून वेगळी व्यवस्था आहे. त्याची पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. या खेपेस आईबरोबर मी जाणार आहे.